कोटांच्या खोलीत काहीच वाजत नव्हतं

१

साहेब, नेवेंका बुगार्स्कीला तिच्या घरातून तुम्ही बाहेर काढलंत. तुम्ही तिला कधी पाहिलेलं नाही. सोंबोरला तुम्ही कधी पाऊल ठेवलेलं नाही. बेलग्रेडच्या ऑफिसात बसून तुम्ही तीन ओळी टाइप केल्यात आणि खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलीत. सही मी केली. माझ्या वाट्याची लाज मी इथे उघडी करतो आहे. तुमच्या वाट्याची तुम्हाला दिसते का, ते बघा.

घडलं ते असं. सोळा नोव्हेंबरला बुगार्स्की घराण्याची स्लावा होती, म्हणजे घरच्या संताचा दिवस. त्या दिवशी कुणाला बोलावणं धाडत नाहीत, ज्याला यायचं तो येतो. आणि घरमालक दिवसभर बसत नाही. पाहुणे बसतात, तो उभ्याने वाढतो. स्वेतोझार काका पंच्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले, तरी सकाळपासून उभे होते. पाद्री येऊन पाव कापून गेला, मेणबत्ती पेटली, काचेच्या ओसरीत पंधरा माणसं जेवायला बसली. सूप झालं होतं. नेवेंका, म्हणजे थोरली सून, स्वयंपाकघरात सारम्यांच्या, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याच्या पातेल्यात हात घालून उभी होती.

सव्वादोनला घर बोलायला लागलं.

स्वयंपाकघरातल्या स्पीकरमधून, ओसरीतल्या स्पीकरमधून, माडीवरच्या खोलीतून, एकाच वेळी, एका बाईचा आवाज. घाईत नसलेला, थोडा घोगरा.

"स्वेतोझार, मी स्टोयांका. मुलं झोपलीत. हात आता बराय, बोटं हलतात. कूमला सांगितलं, शिडीवरून पडले. त्याने शिडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. सगळ्यांना मी शिडीच सांगते. तू मारलंस हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण मला वाटतं सगळ्यांना माहीत आहे..."

स्टोयांका काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती.

थोरला मुलगा ओग्न्येन धावला, त्याने एकेक स्पीकरची पिन उपटली. तोवर दीड मिनिट गेलं होतं. तो कूम, मुलांचा धर्मपिता रादोवान, समोरच बसला होता. पावाचा तुकडा त्याच्या हातातच राहिला.

ते स्पीकर मी बसवले होते, साहेब. सप्टेंबरात. काकांनी चौऱ्याऐंशी साली ऑस्ट्रियातल्या लिंझहून आणलेला जुना स्टिरिओ होता, त्याला तुमची डबी जोडली, म्हणजे त्यावरचं संगीत वायफायवरून घरभर वाजावं. मुलांनी बापाला दिलेली पंच्याहत्तरीची भेट.

२

दोन दिवसांनी ओग्न्येनचा फोन आला. भूमापन कचेरीत कारकून आहे, बोलतोही अर्ज लिहिल्यासारखा.

"मिस्त्री, तुमचं यंत्र आपोआप वाजू शकतं का? हो की नाही?"

"ऑफिसला विचारून सांगतो," मी म्हणालो.

तुम्हाला विचारलं. दुसऱ्या दिवशी तुमचा कागद आला. 'यंत्रात दोष नाही. आवाज घरातील व्यक्तीने फोनवरून हेतुपुरस्सर लावलेला आहे. कंपनी जबाबदार नाही.' खाली सोंबोरचा अधिकृत तंत्रज्ञ, म्हणजे मी. मी त्या घरी गेलो नाही. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि पुढच्या कामावर निघालो.

त्या यंत्राचं अ‍ॅप त्या घरात एकाच फोनवर होतं. नेवेंकाच्या. बाप्यांना शिकायचा कंटाळा आला होता, "तीच बघेल" म्हणाले होते.

दोन डिसेंबरला ती माझ्या दुकानात आली. उंच, चाळिशीची, बालवाडीत शिकवणारी बाई. हातातला कागद काउंटरवर ठेवला.

"ही सही तुमची?"

"हो."

"घरी येऊन बघितलंत?"

"नाही."

"मग सही कशावर केलीत?"

मी कागद माझ्याकडे ओढला. माझ्या दुकानात मला एवढी शरम कधी वाटली नव्हती.

"हा कागद जेवणाच्या टेबलावर वाचला गेला, मिस्त्री. ओग्न्येनने स्वतः वाचला, मोठ्याने. मग म्हणाला, काही दिवस आपातिनला बहिणीकडे जा. माझ्या कपाटात कॅसेट शोधली त्यांनी. माझे आतले कपडे पलंगावर टाकून. मिळाली नाही, तर म्हणाले फोनवर भरून घेतली असणार. बालवाडीतल्या मुलांच्या आया आता माझ्याशी हवापाण्याचं बोलतात फक्त."

"तुम्ही लावली नव्हती?"

"माझे हात कोपरापर्यंत सारम्यांत होते. पण ते तुम्ही सहीच्या आधी विचारायचं होतं."

तिने फोन काढून माझ्यासमोर ठेवला. "तुम्हाला यातलं कळतं ना? बघा."

मी बघितलं. यंत्र कधी कुठून काय वाजलं त्याची नोंद ठेवतं, ती कुठे असते ते गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. सोळा नोव्हेंबर, दुपारचे दोन वाजून चौदा मिनिटं. आवाज कुठून आला, त्यापुढे फोन लिहिलेलं नव्हतं.

स्टिरिओ, असं लिहिलं होतं.

३

स्टिरिओ मागच्या छोट्या खोलीत आहे, तिला अंगणाकडेही एक दार आहे. स्लावाच्या दिवशी तिथे पाहुण्यांचे कोट टाकतात. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पोचलो. दार देसांका आत्यांनी उघडलं, काकांची धाकटी बहीण, सून गेल्यापासून घर त्याच सांभाळत होत्या.

"ये, मिस्त्री. मढं पुरल्यावर डॉक्टर आला."

"आत्या, त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"कोटांच्या खोलीच्या दाराशी. रुमाल कोटात राहिला होता. तेवढ्यात वहिनीचा आवाज."

"खोलीत काय वाजत होतं?"

"काही नाही. तेच तर. घरभर ती बोलतेय आणि कोटांच्या खोलीत थडग्याची शांतता. दार बंद होतं, मी कान लावला ना. म्हणून तर म्हटलं, हे फोनवरचं."

"आत गेला नाहीत?"

"भुतं बोलत असताना मी बंद दारं उघडत नाही. ओसरीकडे पळाले. मग सगळं बंद झालं, आणि स्वेतोझार आला अंगणाकडून, हातात रिकामी बाटली. विचारतो, काय झालं, सगळे असे गप्प का. बिचारा. मीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं. भिंतीसारखा पांढरा पडला."

"काका कुठे गेले होते?"

"राकियाची दारू भरायला, अंगणातल्या खोपटात. आणि तू काय त्याची चौकशी करतोस? स्लावाच्या दिवशी घरमालकाला श्वास घ्यायला वेळ नसतो. दिवसभर बसला नाही माझा भाऊ. पंधरा जण साक्षीला आहेत."

हे वाक्य मी त्या घरात चार जणांच्या तोंडून ऐकलं. जणू पाठ केलेलं. दिवसभर बसले नाहीत.

मी आत जाऊन स्टिरिओ लावला. त्याचे मोठे स्पीकर वाजले आणि घरभरचेही वाजले. मग कोटांच्या खोलीत शांतता कशी? आवाज स्टिरिओतून गेला हे यंत्र सांगत होतं, आणि स्टिरिओ मुका होता हे आत्यांचे कान सांगत होते. दोघंही खोटं बोलत नव्हती.

४

धाकटा मुलगा गाव्रिलो टायरचं दुकान चालवतो. बापाशी त्याचं वर्षानुवर्षं पटत नाही, घराच्या वाटणीवरून. माझा पहिला संशय त्याच्यावर होता, आणि ते त्याला कळलं.

"घे की संशय," तो चाक फिरवत म्हणाला. "पण मला ते वाजवायचं असतं तर वीस वर्षांपूर्वी चौकात वाजवलं असतं. आई जिवंत असताना. आता कुणासाठी?"

"ती कॅसेट कुठली?"

"बाबा लिंझला कामाला होते तेव्हाची. पत्रं लिहायला आईला जमायचं नाही, बोलून पाठवायची. सगळेच पाठवायचे तेव्हा." त्याने चाक जमिनीवर आडवं टाकलं. "त्यात ती म्हणते ना, मुलं झोपलीत. आम्ही झोपलेलो नसायचो, मिस्त्री. ओग्न्येन माझ्या कानांवर हात ठेवायचा. स्वतःच्या कानांवर ठेवायला त्याला हात उरायचे नाहीत."

"आणि त्यानेच बायकोला..."

"त्याला विचार. मला चाकं बदलायची आहेत."

कूम रादोवान निवृत्त जनावरांचा डॉक्टर. त्याने मला घरात घेतलं नाही, फाटकाशीच उभा राहिला.

"कोणी वाजवलं ते कागदावर आलंय. तुझीच सही आहे. परत कशाला उकरतोस?"

"तो कागद चुकीचा आहे."

"असेल. मिटलं ना पण?"

"कुणासाठी मिटलं?"

त्याने फाटकाची कडी दोनदा लावली, दोनदा काढली. सत्तरी ओलांडलेला माणूस. माझ्याकडे न बघता म्हणाला, "शिडीवरून पडून हात तसा मोडत नाही. मनगटाच्या वर पिळलेलं हाड होतं. गाईचं असतं तरी मी ओळखलं असतं. मान हलवली मी. आता पंधरा लोकांसमोर तिने माझी मान पुन्हा हलवली. जा तू."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे घर गुन्हेगार शोधतच नव्हतं. कॅसेट कोणी लावली, या प्रश्नाला सगळे घट्ट धरून बसले होते, कारण तो सुटला की दुसरा प्रश्न टेबलावर येणार होता. नेवेंका त्या पंधरा जणांच्या सोयीची होती. आणि सोय करून देणारा कागद आपण दिला होता, साहेब. तुम्ही आणि मी.

५

मी पुन्हा बुगार्स्कींच्या घरी गेलो. ओग्न्येन जेवणाच्या सुट्टीत आला होता. त्याला म्हटलं, स्टिरिओवर बातम्या लाव, आवाज त्या दिवशी होता तेवढा ठेव. मी अंगणातल्या खोपटात जाऊन दार लावून उभा राहिलो.

बातमीदाराचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. हवामान, गव्हाचा भाव, सगळं. ओसरीतला स्पीकर मीच अंगणाकडे तोंड करून टांगलेला. शेजारच्या बाईने त्या दिवशी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं, संध्याकाळपर्यंत बाजारात सांगितलंही होतं.

आणि स्वेतोझार काकांनी मात्र येऊन विचारलं होतं, काय झालं, सगळे असे गप्प का.

कोणी वाजवलं, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. कोणाला ऐकू गेलं नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं. घरात, अंगणात, भिंतीपलीकडे, प्रत्येकाने ते ऐकलं. एकच माणूस सोडून. आणि घरभर आवाज असताना एखाद्याला तो घरभर आहे हे कळत नसेल, तर त्याचे कान झाकलेले असले पाहिजेत.

मी कोटांच्या खोलीत गेलो. स्टिरिओमागे, खिळ्यावर, जुने जाडजूड हेडफोन लटकत होते. उजव्या कानाच्या गादीवर पिवळसर मेण लागलेलं. कॅसेटच्या बटणावरही बोटाएवढं मेण. त्या दिवशी घरच्या मेणबत्तीला घरमालकाशिवाय कोणी हात लावत नाही.

हेडफोन जोडले की मोठे स्पीकर बंद होतात. पण तुमच्या डबीकडे जाणारा आवाज बंद होत नाही, साहेब. तो आधीच दुसऱ्या वाटेने निघालेला असतो. ती वाट मी काढून दिली होती. डबीसाठी स्टिरिओमागची टेपची जागा लागत होती, म्हणून कॅसेटची वायर मी दुसऱ्या जागी हलवली. तेव्हापासून कॅसेटवर जे लागेल ते डबीत जाणार. आणि आवाज आला की घरभर आपोआप सुरू व्हायची सोय मी चालूच ठेवली, कारण तुम्ही तसं शिकवलंत. गिऱ्हाईक खूश होतं म्हणून.

आठवतंय? शिकवणीत मी हात वर करून विचारलं होतं, हेडफोन लावून कोणी एकट्याने ऐकत असेल तर? तुम्ही हसलात. "आता हेडफोन लावून स्टिरिओ कोण ऐकतं, मिस्त्री?" सगळे हसले. मीही हसलो.

मागे दार वाजलं. स्वेतोझार काका उभे होते.

"खाली ठेव ते," ते म्हणाले.

६

मी हेडफोन खाली ठेवले. ते खुर्चीवर बसले.

"काका, त्या दिवशी तुम्ही इथे बसला होतात."

"पाच मिनिटं."

"का?"

"तिने सांगितलं होतं म्हणून." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कॅसेट काढली. म्हणजे ती सतत तिथेच होती, घरात सगळे सुनेची कपाटं उपसत असताना. "शेवटी आहे. तुम्ही लोकांनी पिना उपटल्या त्याच्या पुढे. म्हणते, स्लावाला मेणबत्ती लावशील तेव्हा एकदा बस आणि हे ऐक. उभा राहू नकोस, बस. ती असताना मी एकदाही पुरी ऐकली नाही. लिंझला पहिलं अर्धं मिनिट ऐकून खणात टाकली. ती गेल्यावर पुरी ऐकली. आता दर वर्षी ऐकतो."

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, हे तुमच्याकडून झालं ते?"

"देसांकाने सांगितलं तेव्हाच."

"आणि नेवेंका?"

त्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "मी बोलणारच होतो. मग तुमचा कागद आला. त्यावर सगळं लिहिलेलं होतं. मला वाटलं, लिहिलंय तर असू दे." वर बघून म्हणाले, "तूही गप्पच होतास, मिस्त्री. मला शिकवू नकोस."

मी शिकवत नव्हतो. तो म्हातारा आणि मी, आम्ही दोघं एकाच कागदाच्या आड लपलो होतो.

पुढच्या रविवारी मी आपातिनहून नेवेंकाला गाडीतून घेऊन आलो. टेबलाशी सगळे होते, दोन्ही मुलगे, आत्या, कूमसुद्धा. मी वायर, डबी, हेडफोन, खोपट, सगळं सांगितलं. मग स्वेतोझार काका म्हणाले, "मीच लावली होती. मी बसलो होतो."

आत्यांनी तोंडावर पदरासारखा रुमाल धरला. त्यांना मारहाणीपेक्षा बसण्याचा धक्का जास्त बसलेला दिसला, आणि मला हसू येईना.

ओग्न्येन उठून बायकोजवळ गेला. "नेवेंका, माझी चूक झाली. कागदावर तसं लिहिलं होतं..."

"बस," ती म्हणाली. तो बसला.

"तुम्ही सगळ्यांनी तीन आठवडे विचारलं, कोणी लावली. ती जे म्हणत होती ते खरं आहे का, हे एकानेही विचारलं नाही. बाबा, मी तुम्हाला अकरा वर्षं वाढलं. तुमचा हात माझ्यावर कधी उठला नाही, म्हणून मला वाटायचं मी चांगल्या घरात आले. माझ्या नवऱ्याने माझे कपडे पलंगावर फेकले, तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. कॅसेट खिशात घेऊन."

गाव्रिलो भावाकडे बघत होता, रागाने नव्हे.

"मी परत येईन की नाही, ते नंतर," ती म्हणाली. "आधी माझं नाव परत हवंय. एका कागदाने गेलं ना? मग कागदावरच हवं. ज्याने लावली त्याने लिहायचं. ज्याने सही केली त्याने लिहायचं. आणि ज्याने ते शब्द लिहून पाठवले त्याने."

काकांनी त्याच टेबलावर लिहिलं. शिडी हा शब्द त्यांनी लिहिला, आणि शिडी नव्हती हेही लिहिलं. मी माझं लिहिलं: न बघता सही केली, जोडणी माझी चुकली, हेडफोनचं मला ठाऊक होतं. दोन्ही कागद ती बालवाडीच्या फलकावर लावणार आहे. माझं दुकान त्यानंतर चालेल की नाही, माहीत नाही.

तुम्हाला मी तीनदा फोन केला. तुमच्या ऑफिसात फोन घेणाऱ्या मुलीने सांगितलं, साहेब बैठकीत आहेत, आणि अधिकृत तंत्रज्ञांच्या यादीतून माझं नाव काढलं आहे. काढा. पण ती डबी अजून शेकडो घरांत तशीच बसलेली आहे, आणि त्या घरांत कुणी ना कुणी दार लावून, कान झाकून, स्वतःचं काहीतरी ऐकत असेल. त्यांना काय सांगायचं, हा वेगळा प्रश्न, तोही तुमच्याकडेच येतो.

आधी हा. नेवेंका आपातिनला बहिणीच्या स्वयंपाकघरात बसली आहे. तिच्यासमोर दोन कागद आहेत. तिसरा कुठे आहे, साहेब?